नऊनंतरची सभा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचभर नुसते चौकोन दिसतात. प्रत्येकात एक चेहरा, काहींचं फक्त कपाळ. २०२०चा नोव्हेंबर आहे आणि डब्लिनच्या सँडीफोर्डमधल्या आमच्या इमारतीची घरमालकांची सभा झूमवर भरली आहे. सभासद माझी मुलगी; मी तिच्या शेजारी बसलेला प्रेक्षक. मधल्या चौकोनात डोळे चोळत बसलाय तो सेक्रेटरी, जयदीप.

हे पद त्यानं मागितलं नव्हतं. एका सभेला तो उशिरा पोचला आणि तोवर बाकी सगळ्यांनी नकार देऊन झाला होता.

त्याची आई, लताबाई, नातीच्या बारशाला सांगलीहून आल्या आणि विमानं बंद झाली. ऑगस्टमध्ये लिफ्टही बंद पडली, कायमची. घर पाचव्या मजल्यावर आणि गुडघे जिन्याचं नाव काढू न देणारे. तेव्हापासून त्या वरच होत्या.

"तुमच्या या देशात जमीन आहे ना रे अजून?" त्या जयदीपला विचारायच्या.

नव्या लिफ्टला बहुमत होतं. पण नियम असा, की ज्याला बोलायचंय त्याचं बोलणं संपल्याशिवाय मतदान नाही. आणि सभा नऊला उठायची. तळमजल्यावरचे कोलम, निवृत्त शिक्षक, यांना लिफ्टचा खर्च नको होता. दोन सभा त्यांनी नऊपर्यंत बोलून बुडवल्या. माझा जन्म रंगभूमीवर गेला, पण असा दमसास क्वचितच पाहिला. मी मनोमन दाद दिली. मग लताबाई आठवल्या.

म्हणून जयदीपनं या वेळी लिफ्टच्या आधी दुसराच ठराव ठेवला : प्रत्येकानं तीनच मिनिटं बोलायचं.

त्याची बायको स्वानंदी आदल्या दिवशीच त्याला माझ्यासमोर म्हणाली होती, "अरे, उद्या आपल्यावर काही आलं तर? या इमारतीत आपली माणसं किती? आपल्याकडे बोलण्याशिवाय आहे काय?"

"माहीत आहे गं. पण आई वर आहे."

तर, त्या ठरावावरच कोलम बोलू लागले. गटारांपासून कबुतरांपर्यंत. नऊ वाजले. "चला, वेळ झाली," ते खुशीत म्हणाले.

"कसली वेळ?" जयदीपनं विचारलं. "पूर्वी सभा चर्चच्या हॉलमध्ये व्हायची, तिथला माणूस नऊला कुलूप लावायला यायचा, म्हणून आपण उठायचो. नियमात नऊ कुठेच नाही. इथं कोण येणार कुलूप लावायला? बोला ना, सावकाश बोला."

कोलम बोलले. चहा मागवून बोलले. आवाज बसला तेव्हा स्वतःच हसले. "ग्रँड! घ्या मत."

तीन मिनिटांचा नियम झाला, पाठोपाठ लिफ्टही मंजूर झाली.

मे महिन्यात लताबाई खाली आल्या. चपला काढून गवतावर उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ हलल्याच नाहीत. जयदीप त्यांच्या चपला हातात घेऊन शेजारी उभा. इतका थकलेला आणि इतका सुखी माणूस मला एकाच देहात क्वचित दिसला.

जूनच्या सभेत नवा ठराव आला : बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी, इमारतीची शोभा जाते. जयदीप विरोधात बोलू लागला. लहान मूल आहे, घरात कपडे वाळवले की भिंतींना ओल येते, पोरीला खोकला होतो... वाक्य अर्धं असतानाच तीन मिनिटं संपली. तो थांबला. वेळ पाहायचं काम त्याचंच होतं.

मग तळमजल्याच्या चौकोनातून आवाज आला, "माझी तीन मिनिटं त्याला द्या. मला आज काही बोलायचं नाही."

चौकोनातल्या माना हलल्या; बहुतेकांना ते चालणार होतं. जयदीपनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नको, कोलम. नियम मीच आणलाय. मत घेऊ या."