आई मागे वळून बघत नाही

वणीच्या स्टँडसमोर संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाड्या लागतात, तेव्हा जाणाऱ्यांपेक्षा सोडायला आलेल्यांचीच गर्दी जास्त असते. पुण्याला निघालेली पोरंपोरी आत एसीत जाऊन बसतात आणि त्यांचे आईबाप काचेखाली माना वर करून उभे राहतात. आतलं बाहेर ऐकू येत नाही, बाहेरचं आत येत नाही. मग हातवारे चालतात. डबा खाऊन घे. अंगावर घे. फोन कर. गाडी हलेपर्यंत हे चालू असतं.

माझी आई यांच्यात कधी उभी राहिली नाही. ती बॅग घेऊन माझ्याबरोबर गाडीत चढायची, सीट पदरानं झटकायची, पाण्याची बाटली समोरच्या जाळीत खोचायची आणि म्हणायची, "पोचली का फोन करजो." की उतरली आणि चालायला लागली. कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानापर्यंत तिची पाठ दिसायची. मग ती वळायची. एकदाही मागे बघितलं नाही. पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की पोचल्यावर मुद्दाम उशिरा फोन केला. तर म्हणाली, "गाडीकडे पाहत उभं राह्यलं का जानाऱ्याचं मन मागंच राह्यते. तुले तिथं मन लावाचं हाये."

बाबा मी लहान असतानाच गेले. आई शाळेत पोरांची खिचडी रांधायची आणि त्यावर आमचं दोघींचं चालायचं. तिला कुणी वाढलेलं आवडायचं नाही. लग्नाच्या पंगतीत बसली तरी पहिल्या घासाला म्हणणार, "मीठ कमी हाये." गोड बोलणं तिच्या तोंडात नव्हतं. बेटा, सोन्या, राणी असलं काही मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. ताप आला की रात्रभर उशाशी बसायची आणि सकाळी त्याच तोंडानं म्हणायची, "आणखी खा बर्फाचा गोळा."

पुण्यात मी कर्वेनगरला एका काकूंच्या वरच्या खोलीत राहते. नोकरी अमेरिकेतल्या विमा कंपनीचे क्लेम तपासण्याची. शिफ्ट रात्रीची. सगळं पुणं टू व्हीलरवर बसून ऑफिसला निघतं तेव्हा मी उलट्या दिशेनं घरी येते, पडदे ओढते आणि झोपते. त्यामुळे माझी सगळी स्वप्नं दिवसाढवळ्या पडतात. खालून भांड्यांचा आवाज येत असतो, शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत असतो, आणि त्यात मी स्वप्न बघत असते.

आईला मी कितीदा म्हटलं, ये इकडे. सुट्टी काढते, सगळं पुणं दाखवते. तिचं उत्तर ठरलेलं. "तिथं मले कोन ओळखते वं? इथं रस्त्यानं निंघाली का चार जन विचारते, कुठं चालली म्हनून." आणि वर टोमणा, "तू आता पुन्याच्या बायांसारखी बोलतं. मले तं मास्तरीनबाईशी बोलल्यावानी वाटते." ती आली नाही. दिवाळीला मी गेले, परत निघाले, तिनं सीट झटकली, उतरली, कोपऱ्यावरून वळली. त्यानंतर थंडी संपायच्या आत ती गेली. अंगणात धुणं वाळत घालता घालता खाली बसली ती उठलीच नाही. शेजारच्या सुमनमावशीचा फोन आला. मी पोचले तेव्हा तिला पाहिलं, पण त्या चेहऱ्यात आई नव्हती. इतका शांत चेहरा तिचा कधी नव्हताच. म्हणजे जिवंत आई मी शेवटची पाहिली ती पाठमोरी.

तिकडे माणूस गेलं की लोक दिवसांचं विचारतात, तेराव्याचं विचारतात आणि मग विचारतात, स्वप्नात आली का? काही बोलली का? काही मागते का? काही मागितलं तर ते कुणाला तरी देऊन टाकायचं असतं, म्हणजे तिचा जीव अडकत नाही. सुमनमावशी दर फोनला विचारायची, "आली का वं माय सपनात?" मी म्हणायची, नाही. ती यायची. पण जे यायचं ते सांगण्यासारखं नव्हतं.

स्वप्न एकच. मी गाडीत बसलेली असते. बाटली जाळीत खोचलेली असते. आई उतरून चालायला लागते, आणि वणीचा तो रस्ता खणलेला असतो. आपल्या कर्वे रोडवर बाराही महिने लावलेले असतात ना, तसले पत्रे लावलेले, आणि त्यांच्यामध्ये एक खोल चर. आई सरळ त्याच्याकडे चाललेली असते. मी काचेवर हात आपटते, ओरडते. काच जाड. ती चालत राहते, तिच्या त्या ठरलेल्या चालीनं, आणि चर आला तरी थांबत नाही. शेवटी पदराचं टोक तेवढं दिसतं आणि तेही जातं. आवाज काहीच होत नाही. त्या आवाज न होण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. जाग यायची तेव्हा उशी ओली असायची आणि घसा दुखत असायचा.

घसा का दुखतो ते काकूंकडून कळलं. जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "अहो, दुपारी एक ते चार आमच्याकडे कुणी बेलसुद्धा वाजवत नाही. तुम्ही किंचाळता." मी सॉरी म्हटलं. तशा त्या म्हणाल्या, "सॉरीनं माझी झोप परत येणार आहे का? कुणाला तरी दाखवा." पण संध्याकाळी त्यांनीच आल्याचा चहा वर पाठवला, बशी झाकून. पुण्यात माया अशी झाकूनच येते, हे मला एव्हाना कळलं होतं.

दाखवलं मी. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. पण गोळीनं झोप गाढ झाली आणि स्वप्न लांबलं, म्हणून ती बंद केली. मग माझ्या टीममधल्या रुचिरानं सांगितलं की, स्वप्नात असताना आपण स्वप्नात आहोत हे कळायला शिकता येतं. तिला लहानपणापासून जमायचं म्हणे. कोथरूडच्या घराच्या गच्चीवरून ती स्वप्नात रोज उडायची. "हे बघ, दिवसभर मध्येमध्ये हाताकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, मी जागी आहे का? सवय लागली की स्वप्नातही विचारशील. आणि स्वप्नात बोटं कधीच नीट मोजता येत नाहीत. एकदा कळलं ना, की तू बॉस. हवं ते कर."

मी लागले हाताकडे बघायला. बसमध्ये, कँटीनमध्ये, भाजी घेताना. काकू म्हणाल्या, "हस्तरेषा शिकताय का? माझा हात नका बघू, माझं सगळं होऊन गेलंय."

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी गाडीत बसल्या बसल्या माझं लक्ष त्या पत्र्यांकडे गेलं आणि मनात आलं, हे पुणे महापालिकेचे पत्रे वणीत कसे? हात पाहिला. बोटं मोजता मोजता पुन्हा पहिलं बोट यायला लागलं. मला कळलं. छातीत इतकं धडधडलं की आता जाग येणार असं वाटलं, पण आली नाही. मी काचेला नुसता हात लावला, ती सरकली. आणि मी हाक मारली, "आई."

ती वळली. तोच चेहरा, कपाळावरचं गोंदणसुद्धा. ती हसली आणि म्हणाली, "काय गं बेटा?" मी उठले ती रडतच, पण आनंदानं. काकूंना वाटलं, हिचा आजार बदलला.

पुढचे काही आठवडे मी झोपेची वाट बघायची. शिफ्ट कधी संपते असं व्हायचं. रोज जमायचं नाही, पण जमायचं तेव्हा मी तिला पुण्याला घेऊन यायची. टू व्हीलरवर मागे बसवायची. ती मला धरून बसायची. कोथरूडला खाऊ घातलं, डेक्कनला नदीकाठी फिरवलं, या खोलीत, या पलंगावर बसवलं. जे जे ती आली असती तर करायचं होतं ते सगळं केलं. ती म्हणायची, छान आहे गं. खूपच छान आहे.

इथेच पाल चुकचुकली. माझी आई आणि छान? एकदा मी तिला वरणभात वाढला आणि मुद्दाम मीठ न घालता वाढला. स्वप्नातलं मीठ ते काय, पण मला ठाऊक होतं की घातलेलं नाही. तिनं सगळं संपवलं आणि म्हणाली, "मस्त झालंय." मग मी तिला विचारलं, "आई, गोळाभाताच्या बेसनाच्या गोळ्यांत तू काय घालायचीस? माझे सगळे भातात फुटतात." हे मला खरंच माहीत नाही. तिनं कधी हाताखाली घेतलं नाही, नेहमी म्हणायची, "सरक, गर्दी करू नोको." ती माझ्याकडे बघत राहिली. नुसती हसत होती. मी पुन्हा विचारलं. ती हसतच म्हणाली, "तुला येतंच की."

मला येत नव्हतं, म्हणून तिला येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघून बोलत होती, मला काय हवं ते. माझ्याच पुणेरी भाषेत. मी जिला गावभर फिरवत होते ती मीच होते, आईचं लुगडं नेसलेली.

त्या दिवशी आई गेली असं मला खरं वाटलं. तेराव्याला वाटलं नव्हतं. मी हाताकडे बघायचं सोडून दिलं. काही दिवसांनी पुन्हा तो चर सुरू झाला, पुन्हा घसा दुखायला लागला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. चरात जाणारी ती बाई निदान माझं ऐकत तरी नव्हती. तीच माझी आई.

वर्षश्राद्धाला वणीला गेले. घराची किल्ली सुमनमावशीकडेच असते. दोघींनी मिळून दार उघडलं, झाडलं, नैवेद्य केला. संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा मावशीनं तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मी सगळं सांगितलं. काच, पत्रे, चर, पुण्यातली ती गोडबोली आई. शेवटी वर्षभर मनात ठेवलेलं विचारलं. "मावशी, कोपऱ्यावरून वळल्यावर ती थांबायची का हो? दुकानाआडून गाडी जाताना बघायची का?" मला वाटत होतं, मावशी हो म्हणेल.

"नाई वं," मावशी म्हणाली. "कायची थांबते ते. ते सरळ घरी ये. जेवे नाई, काई नाई. भर दिवेलागनीले अंथरून टाकून झोपून जाये. मी म्हनो, हे का झोपाची येळ हाये? तं म्हने, पोरगी आत्ताच गेली, आत्ताच झोपली तं सपनात दिसन."

मी विचारलं, "दिसायची?"

"दिसे म्हने. गाडीत, काचेजवळ बसून. तोंड हाले म्हने तुहं, पन ऐकू ये नाई." मावशीनं पदरानं डोळे पुसले. "म्हने, पोरगी खाली काई उतरत नाई वं सुमन."

परत निघाले तेव्हा मावशी स्टँडवर आली. सीट झटकली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जा आता. गाडी हलेपर्यंत थांबू नका." ती थांबली. ती आई नव्हती, तिनं काचेखाली उभं राहून रडून घेतलं.

इतके दिवस मी काच ठोकली, काच सरकवली, हाका मारल्या, तिला वळवलं, पुण्याला आणलं. म्हणजे सगळं तिनंच करायचं. वळायचं तिनं, यायचं तिनं. स्वप्नात कळलेलं असताना, हवं ते करता येत असताना, मला एकदाही उतरायचं सुचलं नाही. इकडे आलेल्या आपल्यापैकी किती जणांना सुचलंय, मला माहीत नाही. आपण सगळे तिकडच्यांना म्हणतो, तुम्हीच या ना.

त्या आठवड्यात स्वप्नात पुन्हा गाडी लागली. पत्रे दिसले, मला कळलं. आई उतरून चालायला लागली होती. मी हाक मारली नाही. उठले, दोन पायऱ्या उतरले, आणि तिच्या मागे चालायला लागले. पायाखाली वणीचीच माती होती. पत्रे होते, पण चर कुठे गेला कुणास ठाऊक. कापडाच्या दुकानाचा कोपरा आला. ती वळली, मीही वळले. त्या कोपऱ्यापलीकडे मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिची चाल तिथे हळू झालेली होती, आणि ती एक हात कमरेवर ठेवून चालत होती.

तिनं मागे बघितलं नाही. पण मी आहे हे तिला कळलं असावं, कारण न वळताच ती म्हणाली, "लवकर चाल वं. चूल विझन."

हे मी घातलेलं नव्हतं. मला त्या वेळी चूल आठवतसुद्धा नव्हती.

मग दाराबाहेरून काकूंचा आवाज आला आणि जाग आली. दार उघडलं, तर चहाची कपबशी घेऊन त्या उभ्या होत्या. "आज ओरडला नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघावं, आहात ना."

वणीतलं आमचं घर आता बंद असतं. मावशी अधूनमधून झाडून घेते. कुणी विचारलं तर मी कर्वेनगरचा पत्ता सांगते. पण दुपारी पडदे ओढून पडते तेव्हा मी घरी निघालेली असते. अजून एकदाही दारापर्यंत पोचलेले नाही, आधीच जाग येते. आई पुढे असते, मी मागे. ती वळून बघत नाही, आणि मी आता तिला हाक मारत नाही.