वाटपाच्या तोंडावरचा पाला
आज सकाळी शेजारच्या शेतातून चिखलात कुजणाऱ्या हिरव्या पाल्याचा वास आला आणि मला एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतले, कुंभकोणमजवळचे आमचे गाव आठवले. तिथली जमीन साऱ्या गावाची सामाईक होती. दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून शेते नव्याने वाटली जात, म्हणून वाटपाच्या तोंडावर कुणी खत घालत नसे. अशाच एका वाटपाच्या वर्षी कावेरीचे पाणी नुकतेच आले होते, आणि शेजारच्या साक्कोट्टै गावाच्या शिवेलगतच्या आमच्या शेतात माझे वडील, अप्पा, खतासाठी हिरवा पाला चिखलात तुडवत होते. “चिठ्ठी काय तुमची मिंधी आहे, अण्णा?” बांधावरून शेजारी हसला. “पाला शेताला घालतोय रे, मला नाही,” अप्पा म्हणाले. चिठ्ठी निघाली आणि ते शेत नेमके त्या शेजाऱ्यालाच गेले. आमच्या वाट्याला त्याचे उपाशी, पांढरे पडलेले रान आले. मी धुमसत राहिलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो शेजारी आमच्या त्या नव्या रानात, मान खाली घालून, गाडीभर पाला पसरत होता. अप्पा एवढेच म्हणाले, “ढीग ठेवू नकोस, नीट पसर.” माझे आजचे शेत माझ्या एकट्याच्या नावावर आहे, आणि ते विकायचे ठरल्यापासून मी त्यात काहीच घातले नव्हते. आताच पाल्याची गाडी सांगून आलो.