आबांचे तीन आलेख

एका माणसाचं इंटरनेट वापरणं मी चार महिने मोजत होते. तो माणूस म्हणजे आमचे आबा, माझे वडील. नव्वदचं दशक सरत आलं होतं, जळगावात आमच्या गल्लीतलं पहिलं कनेक्शन आमचं, आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्टही हाच. मोडेम किरकिर करत एकदाचा जोडला गेला की आबा परदेशी वर्तमानपत्रं वाचायला बसत. दर क्षणाला किती मजकूर आत येतोय, ते माझा छोटासा प्रोग्राम टिपून ठेवी.

मला वाटलं होतं, महिनाभराचं एकत्र मांडलं की चढउतार एकमेकांत जिरतील आणि रेघ सपाट होईल. छे! महिन्याच्या आलेखात उंच सुळके आणि मधे लांबलचक शांतता. मग त्यातला एक तास मोठा करून पाहिला, तर त्यातही तेच. त्या तासातलं एक मिनिट काढलं. पुन्हा तेच! मी ओरडलेच. आबा चष्मा सावरत आले, तिन्ही कागद पाहिले आणि थेट भडगावच्या बोलीवर उतरले, "हाई ते बठ्ठं सारखंच शे!"

"अहो आबा, तेच तर!" मी नाचायचीच बाकी राहिले होते.

त्या आनंदात घोळ घातला. प्रिंटरच्या कागदाच्या भोकांच्या पट्ट्या कापायच्या आणि आलेख फाईलमध्ये चिकटवायचे, ही आमची पद्धत. फाईल देखणी दिसावी म्हणून मी चारी बाजूंनी कात्री चालवली, आणि खालचे वेळेचे आकडेही त्यात गेले.

तोंडी परीक्षेला धुळ्याहून एक सर आले होते. त्यांनी पान उलटलं, परत मागे आले. "एकच आलेख जरा इकडेतिकडे करून तीनदा चिकटवलाय? यावर माझी सही मिळणार नाही." सही नाही म्हणजे वर्ष गेलं. मी घाबरले खरी, पण त्याहून जास्त तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने राबले ते काय गोंद लावायला?

"सर, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुम्हीच बसा. वीस मिनिटं काहीही बघा, मी मोजते."

लॅबमधली एकुलती एक फोनलाइन तिसऱ्या प्रयत्नात लागली. सर बसले. मी पाठ फिरवून उभी राहिले, म्हणजे त्यांना संकोच नको. मनात एकच, हा माणूस सपाट निघाला तर मेलेच मी.

वीस मिनिटांनी प्रिंटर करकरला. सुळके, शांतता, सुळके! त्यातलं एक मिनिट काढलं, तेच. त्या मिनिटातले सहा सेकंद काढले, तेच! या वेळी आकडेही शाबूत. "बघा सर, बघा!" मी जवळजवळ किंचाळले.

सर बघत होते, पण पहिल्याच कागदाकडे. त्यांचं बोट सगळ्यात लांब शांततेवर होतं. सात मिनिटं काहीच आलेलं नव्हतं.

"इथे मुलीचं पत्र उघडलं होतं," ते म्हणाले. "अमेरिकेत असते. चारच ओळी होत्या."

त्यांनी माझ्या फाईलवर सही केली. स्वतःचा कागद मात्र "हा चिकटवू नका" म्हणत भोकांच्या पट्ट्यांसकट घडी करून खिशात ठेवला.