डाव्या कोपऱ्यातले ग्रह

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ग्रह शोधायला लागले. हे ऐकून आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायका मला साडेसातीबद्दल विचारायच्या. मी चिडायचे. माझं काम वेगळं होतं. अवकाशातली दुर्बीण दूरच्या ताऱ्यांचा उजेड मोजते आणि त्याचे ठिपक्याठिपक्यांचे आलेख इंटरनेटवर येतात. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड किंचित कमी होतो, ठिपक्यांच्या ओळीत खळगा पडतो. तो आमच्यासारख्या हौशी लोकांनी घरबसल्या टिपायचा. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा खळगा फारच उथळ असतो. तो मला दिसतो, याचा मला तोरा होता.

मधूनमधून परीक्षा म्हणून बनावट ग्रह घातलेला आलेख येतो आणि उत्तर दिल्यावर बरोबर की चूक ते लगेच कळतं. माझं क्वचितच चुकायचं. गेल्या उन्हाळ्यात एका आठवड्यात चार चुकले, चारही डाव्या कोपऱ्यातले.

आधी मी स्क्रीन पुसला. मग वेबसाइटवाल्यांना शिव्या घातल्या. डावा डोळा माझा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. शेवटी डावा डोळा तळहाताने झाकला आणि आलेखाच्या मधोमध नजर रोखली. कोपऱ्यातले ठिपके गायब. तिथे काळं काहीच नव्हतं, नुसता कोरा पांढरा स्क्रीन. काळं दिसलं असतं तर कळलं तरी असतं. आईला काचबिंदू होता. शेवटची काही वर्षं ती ताटातली भाजी बोटांनी चाचपून जेवायची, आणि त्याआधी कितीतरी दिवस मला सगळं नीट दिसतंय म्हणून भांडायची.

"अगं, नंबर वाढला असेल. चष्मा बदल ना, झालं," हे म्हणाले. मी हो म्हटलं आणि पंधरा दिवस काढले. रस्ता ओलांडताना डावीकडे दोनदा मान वळवायची. आलेख उघडायचं तर धाडसच होईना.

डॉक्टरांनी नजरेचं क्षेत्र तपासायला सांगितलं. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, समोरच्या पिवळ्या दिव्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. थोड्या वेळाने काहीच लुकलुकेना. मी घाबरले. पण ग्रह शोधून शोधून मला ठरावीक अंतराने येणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधायची सवय. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडणारी मी, तिथे बसून सरळ कॉपी करत होते.

तपासणारी मुलगी म्हणाली, "आंटी, लाइट नसतानाही दाबताय तुम्ही. मशीनला कळतं ते. रिपोर्ट बाद झाला, परत करूया."

मला लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती. मी पुन्हा हनुवटी टेकवली. पहिले काही उजेड दिसले, तेव्हा दाबलं. मग ते थांबले. यंत्राची टिकटिक मात्र चालूच होती, म्हणजे कुठेतरी उजेड लागत असणार. अंगठा बटणावरच होता. मी तो उचलून बाजूला धरला आणि टिकटिक ऐकत बसले.