दोरीचं बोलायचं नाही

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती दाराजवळच्या बाकावर बूट घासायला बसली आणि एक बूट हातात धरून तशीच बसून राहिली. ब्रश दुसऱ्या हातात होता. तो हात काही हलेना. नवरा आत कपड्यांच्या घड्या घालत होता. त्यानं दोनदा डोकावून पाहिलं आणि तिसऱ्यांदा येऊन ब्रशच काढून घेतला.

"एवढं जिवावर आलंय तर जाऊ नकोस ना."

"मी नाही गेले तर संघातल्या बाकी तिघांनाही घरी बसावं लागेल."

"बसू देत की. मी बसतोच आहे, मला काय झालंय?"

"या खेपेला सांगून येते," ती म्हणाली. "ही शेवटची. तोंडावर सांगते."

"मागची पण शेवटचीच होती. त्याच्या मागची पण." त्यानं बूट उलटा करून पायरीवर आपटला. वाळलेला चिखल भसकन पडला. "तुझ्या शेवटाला काही शेवट नाही बाई."

ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत. एका जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत ती त्या मापात प्लॅस्टर ओतून जबडा तयार करी, त्यावर मेण चढवी आणि मेणात एकेक दात बसवी. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर पांढरे जबडे. नवा माणूस दारातच थबके. तिला त्या जबड्यांची इतकी सवय झाली होती की दुपारचा डबा ती त्यांच्याच पंगतीला बसून खाई. दिवसभर पॉलिशच्या चाकासमोर वाकून पाठीचं धनुष्य झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. ती गेली. तलावावर पोहायला शिकवणारे मास्तर होते. किती पोहायचं हे त्यांना विचारायचं तिला अवघड वाटलं, म्हणून ते थांबा म्हणेपर्यंत ती पोहत राहिली. मास्तर काठावर उभे राहून थक्क झाले. "ही बाई थांबतच नाही!" असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. झालं. माणसाच्या भिडस्तपणाला लोक कधी काय नाव देतील, सांगता येत नाही.

मास्तरांचा एक संघ होता. 'सुसाट' असं नाव. नावाचा आणि वेगाचा अजिबात संबंध नव्हता. शर्यती दिवसदिवस चालणाऱ्या: आधी पाण्यात होडी वल्हवायची, मग सायकल, मग नकाशा पाहत डोंगर चढायचा, शेवटी पळायचं. चौघांनी मिळून निघायचं, चौघांनी मिळूनच पोचायचं; एक जरी मागं राहिला तरी संघ बाद. आणि चौघांत निदान एक बाई हवीच. बाप्ये पैशाला पासरी मिळतात हो. रविवारी पहाटे उठून चिखलात लोळायला तयार असलेली बाई कुठून आणणार? मास्तरांना ती सापडली आणि त्यांनी ती सोडली नाही.

उरलेल्या दोघांतला एक सायकली दुरुस्त करणारा. त्याला सगळे पंक्चर म्हणत, आणि तो चिडत नसे. संघातला सगळ्यांत तरणा तोच, म्हणजे चाळिशीतला. त्याच्या दुकानात हवेच्या पंपावर संघाचे जुने फोटो चिकटवलेले असत. दुसरा बँकेत कॅशियर. नकाशा त्याच्याकडे. तो दिवसभरात चार वाक्यं बोले, त्यातली तीन "इथून डावीकडे" अशी असत.

आणि दोरी. अशा शर्यतीत दमलेल्याला ओढायला एक लवचीक दोरी ठेवतात. पुढच्याच्या पाठपिशवीला एक टोक, मागच्याच्या छातीच्या पट्ट्यात दुसऱ्या टोकाचा आकडा. फार काही ओढ लागते असं नाही, पण मागच्याच्या पायांना जरा उभारी येते. दुसरे संघ एकमेकांना सरळ विचारतात, दोरी हवी का. सुसाटमध्ये तसं नव्हतं. मास्तरांनी पहिल्या दिवशीच नियम घातला होता: दोरीचं बोलायचं नाही. मागायची नाही, विचारायची नाही. ज्याला दिसेल त्यानं मागं यायचं, तोंडाकडे न बघता आकडा अडकवायचा, पुढं व्हायचं. दमलेल्या माणसाला लाजवू नये, एवढाच हेतू. पंक्चरला तर हा नियम इतका आवडला होता की तो गिऱ्हाइकांनाही सांगे.

सुरुवातीला दोरीच्या मागच्या टोकाला ती असे आणि पुढं मास्तर. मग केव्हातरी टोकं बदलली. मास्तर साठीच्या पलीकडे गेले होते. चढावर त्यांचा श्वास तिला ऐकू यायचा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. एकदा ती गुपचूप मागं आली, त्यांच्याकडे न बघता आकडा अडकवला आणि पुढं झाली. तेव्हापासून ती ओढत होती. आपण सोडलं तर मास्तर मोडतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तलावावरची नोकरी सुटलेली, बायको गेलेली. त्या माणसाला दुसरं होतं काय?

पण आता तिच्यानं होत नव्हतं. आजारी नव्हती, काही दुखत होतं असंही नाही. नुसती दमली होती. सोमवारी जबड्यांसमोर बसल्यावर मेणात दात बसवताना कोणा आजोबांच्या सुळ्याची जागा चुके. रविवार जवळ आला की शुक्रवारपासूनच तिला रडू येई. हौस म्हणून धरलेल्या गोष्टीची वेठ कधी झाली, ते कळलंच नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

शर्यतीच्या दिवशी होडी बरी गेली. सायकलीला मात्र वारा समोरून होता. डोंगराच्या पायथ्याला सायकली टाकल्या तेव्हा तिच्या मांड्या शिशाच्या झाल्या होत्या. कॅशियरनं नकाशा पाहिला आणि म्हणाला, "इथून डावीकडे." माथ्यावर एक तपासणीची चौकी होती आणि दुपार कलायच्या आत तिथं पोचायचं होतं. उशीर झाला की बाद.

पंक्चर आणि कॅशियर पुढं गेले. ती मास्तरांसाठी रेंगाळली. मास्तरही हळू झाले. ती आणखी हळू झाली, मास्तर त्याहून. शेवटी दोघं एका खडकापाशी जवळजवळ उभेच राहिले, तेव्हा तिनं मागं येऊन मुकाट्यानं आकडा अडकवला आणि चढायला लागली.

चढ संपता संपेना. उन्हानं तापलेला मुरूम पायाखालून सरकायचा. पाठीवर ओढ जाणवत होती, कधी कमी, कधी एकदम हिसका देणारी. मास्तर आज फारच थकलेत, तिच्या मनात आलं. पार लोळागोळा झालेत. तिनं दात आवळले, पट्टे घट्ट धरले आणि कमरेत वाकून ओढू लागली. एका वळणावर ओढ इतकी वाढली की ती गुडघ्यावर आली. तरी मागं वळून पाहिलं नाही. तोंडाकडे बघायचं नाही, नियम होता. आज सांगायचं, आज सांगायचं, असं प्रत्येक पावलाला ती म्हणत होती. आणि पुढच्याच पावलाला, ह्या अशा माणसाला कसं सांगू?

माथ्यावर छत्रीखाली घडीच्या खुर्चीवर एक पोरगेली बाई बसली होती, गळ्यात शिट्टी. शेजारी पंक्चर फेऱ्या मारत होता. कॅशियर नकाशा चारदा घडी घालून पुन्हा उलगडत होता.

"अहो ताई," शिट्टीवाली उठून उभी राहिली, "हे काय ओढत आणलंत?"

ती वळली. दोरीच्या टोकाला मास्तर नव्हते. एक वाळकी फांदी होती, चांगली तिच्याएवढी, काटक्यांसकट, आकड्यात घट्ट अडकलेली. मागच्या वाटेवर धुळीत तिचा फराटा दिसत होता, थेट खालच्या वळणापर्यंत. मास्तर त्या फराट्याच्या कडेकडेनं, पाचसात पावलांवर, गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते.

"केव्हा सुटली दोरी?" तिनं विचारलं.

"खडकापासून जरा वर आल्यावर."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

मास्तर ओशाळले. "दोरीचं बोलायचं नाही, असं आपलं..."

"मास्तर, तो नियम झाडांना पण लागू आहे का?"

शिट्टीवालीला हसू आवरेना. तिनं पाठ फिरवली, पण खांदे हलत होते. मग तिनं घड्याळ पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "सॉरी हं. तुमची वेळ टळून गेली. इथून जीपच्या रस्त्यानं खाली जायचं."

पंक्चरनं टोपी काढून जमिनीवर आपटली. ती मात्र त्या फांदीशेजारीच बसली. आकडा सोडवायला घेतला आणि तसाच सोडून दिला.

"मास्तर, मला आता हे नको," ती म्हणाली. काही ठरवलेलं वाक्य नव्हतं. तोंडातून नुसतं पडलं. "फार दमलेय मी. कालची नाही, केव्हाची दमलेय."

मास्तर तिच्यासमोर सावकाश बसले. बसताना दोन्ही गुडघे वाजले.

"मग येत का होतीस?"

"तुमच्यासाठी. तुम्हाला दुसरं काय आहे, म्हणून."

"मला?" मास्तर म्हणाले. "अगं, मला मुलगी बोलावतेय कधीची. तिच्याकडे माझी खोली तयार आहे, खिडकीशी खुर्ची आहे. मी तुझ्यासाठी येत होतो. म्हटलं, बाई दिवसभर त्या दातांच्या खोलीत एकटी असते. हिचा एवढा एक रविवार आहे, तो आपण कसा मोडायचा? आणि तू ती दोरी लावायचीस. मला वाटायचं, हिला कुणालातरी ओढायला बरं वाटत असेल. ओढून घ्यायचो."

"म्हणजे चढावर तुम्ही..."

"तू हळू झालीस की मी हळू व्हायचो. तुला लाज वाटू नये म्हणून."

"आणि मी तुमच्यासाठी व्हायचे!"

शहाणीसुरती माणसं दोघं, आणि एकमेकांच्या काळजीनं गोगलगाय होऊन बसली होती. तिला हसू आलं, पण हसायचीही ताकद नव्हती; नाकातून नुसती हवा बाहेर पडली. कॅशियर घसा खाकरून म्हणाला, "मलाही घरून ओरडा असतो." हे त्याचं त्या दिवसातलं चौथं वाक्य.

"वा!" पंक्चर म्हणाला. तो हसत नव्हता. "वा, वा. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे एकमेकांवर उपकार करत होतात. आणि मी? मला आवडायचं हो हे. मी खरोखर पळत होतो."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, तर तो चार पावलं पुढं गेला. जीपचा रस्ता लांबलचक होता. तो सगळ्यांच्या पुढं, तरातरा. बाकी तिघं मागं, एकमेकांशेजारी, पाय ओढत. दोरी तिनं गुंडाळून पिशवीत टाकली. खाली पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची फुगवलेली रबरी कमान आडवी पाडून तिच्यातली हवा सोडत होते. पंक्चर तिथं थांबला होता. "निदान चौघं मिळून इथून आत जाऊ," तो खाली बघत म्हणाला. चौघं त्या मऊ पडत चाललेल्या रबरावरून पाय उचलून पलीकडे गेले. कमान गुंडाळणारा माणूस म्हणाला, "अहो, बूट सांभाळा, भोक पडेल."

"पडू दे," पंक्चर म्हणाला. "मी पंक्चर काढून देईन."

घरी नवऱ्यानं दार उघडलं. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय, गरम पाणी काढ." फांदीचं तिनं त्याला चहा झाल्यावर सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ती मात्र हसता हसता मधेच रडली आणि खुर्चीतच झोपली.

पुढच्या आठवड्यात पंक्चर कवळ्यांच्या खोलीत आला. तिच्या सायकलचं शर्यतीत वाकलेलं चाक त्यानं सरळ करून आणलं होतं. जबड्यांकडे न बघता तो दारातच उभा राहिला.

"एक बाई मिळाल्यात," तो म्हणाला. "शाळेत खेळ शिकवतात. दोन पोरंही मिळतील. फक्त बाईंना पोहणं जमत नाही, आणि त्याशिवाय होडीत बसू देत नाहीत. मास्तर तर मुलीकडे चाललेत. ताई, तुम्ही रविवारी येऊन जरा शिकवाल का? फक्त पोहणं. बाकी काही नाही."

तिच्या चिमट्यात एक दाढ होती. तिनं ती मेणात बसवली, कडा पाहिली, जरा दाबली. जुन्या सवयीनं 'बरं' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला.

"नाही," ती म्हणाली.

"एकच महिना."

"नाही रे बाबा."

तो वाट बघत उभा राहिला, नेहमी असं उभं राहिलं की ती विरघळते हे त्याला ठाऊक होतं. ती विरघळली नाही. तिनं दिव्यावर सुरी तापवली आणि पुढची दाढ उचलली. पंक्चरनं चाक भिंतीला टेकवलं आणि निघाला. जिन्यापर्यंत गेला असेल, तेव्हा तिनं आतूनच हाक मारली.

"अरे, दोरी घेऊन जा. तिथं खुंटीला आहे."

तो परत आला, दोरी काढून घेतली.

"आणि त्या बाईंना सांग," ती मेणावरून डोळे न उचलता म्हणाली, "दोरीचं बोलायचं. दमलात तर तोंडानं बोलायचं. नाहीतर झाडं ओढाल."