लातूरचा वैजनाथ आणि आमचा राखणदार

घरात भाडेकरू ठेवले की नळ गळतात, कौलं फुटतात आणि किस्से साठतात. नळ नि कौलं दुरुस्त होतात. किस्से साठतच जातात.

विद्यापीठाचं केंद्र वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर. खाली उताराला माझं घर, मागे पोरांसाठी चार खोल्या. दर जूनला कोणी ना कोणी बापाला घेऊन फाटकात उभा राहतो. "आबा, इथे एम.एस्सी.ला येऊ का? कसं आहे?"

माझं शिक्षण चौथी. वर काय शिकवतात ते वर विचारा. खाली काय घडतं ते मी सांगतो.

*

वैजनाथ लातूरहून आला, समुद्रातले जीव शिकायला. तोवर समुद्र त्याने मोबाइलमध्येच पाहिलेला. सोबत वडील. गळ्यात माळ, गावात किराण्याचं दुकान. माणूस भाविक. आधी आमच्या तुळशीला नमस्कार केला. शेजारी आरती चालली होती, तिथे ओळखपाळख नसताना उभे राहून टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळले.

तेवढ्यात वारा फिरला. आमच्या हिने पत्र्यावर सुकट वाळत घातली होती.

"मालक, वास कशाचा येऊलालाय?"

"मासळीचा."

"पोराला मासळीला हात लावावा लागंल का?"

"समुद्राचं शिक्षण आहे. समुद्रात मासे असतात."

त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. मग पोराला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही पटलं तर घेऊन जाणार. दुकान हायच."

पोराला दुकान नको होतं. त्याला इथेच शिकायचं होतं. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

*

पहिल्याच आठवड्यात केंद्रातल्या शिकवणाऱ्या मॅडमनी त्याला जेटीवर पाठवलं, नमुने आणायला. आमच्याकडे बांगडा वाट्याने मिळतो. वाटा उचलायचा नि चालू लागायचं. हा मासेवालीसमोर उकिडवा बसला.

"मावशी, एक नर द्या आणि एक मादी."

तिने कोयता खाली ठेवला. "लगीन लावतोस काय रे त्यांचा?"

सगळी जेटी हसली. पोरगं लाल झालं, पण उठलं नाही. शेवटी तिनेच दोन बांगडे काढून दिले. वर म्हणाली, "आमंत्रण दे हो!"

आजही तो दिसला की विचारते, "लेकरंबाळं काय म्हणतात?"

*

मग बोटीची फेरी. जेटीपासून थोडं पुढे गेले नि वैजनाथ काठावर वाकला. सकाळचं सगळं समुद्रात.

बोटीचा तांडेल जुना माणूस. सुकाणू न सोडता म्हणाला, "माशांनी आज पहिल्यांदा वरणभात खाल्ला."

पुढच्या फेरीला पोरगं परत गेलं. परत ओकलं. तिसऱ्या वेळी पुन्हा गेलं. मला हट्टी माणसं आवडतात.

*

शेजारच्या खोलीत इरफान. राजापूरचा, खेकड्यांवर पीएच.डी. करतो. माझा नियम एकच. फाटक नऊला बंद.

एकदा नऊ वाजले तरी इरफान फाटकाबाहेर चिखलाच्या कडेला बसलेला. मी हाक मारली.

"आबा, खेकडा अजून बिळात गेला नाही. त्याची वेळ लिहायची आहे."

"त्याला माझा नियम सांग."

"सांगितला. तो म्हणतो, मी भाडेकरू नाही."

फाटक उघडं ठेवावं लागलं.

*

मासा चिरताना वैजनाथ डोळे मिटायचा. बापाची माळ आठवत असेल. मॅडमनी दोन-तीनदा पाहिलं. मग त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "वैजनाथ, मासा मेला तरी डोळे मिटत नाही. तू जिवंत असून मिटतोस?"

त्या दिवसापासून त्याचे डोळे उघडे. संध्याकाळी आमच्या हिला माशाचं काळीज कुठे असतं ते दाखवायला लागला. ती म्हणाली, "बाबा, मला कालवण करू दे."

*

दिवाळी जवळ आली आणि लातूरहून फोन आला. "परवा येतो. सामान बांध."

वैजनाथ जेवेना. आमची ही म्हणाली, "नुसते बघत काय बसलात? राखणदाराला गाऱ्हाणं घाला."

राखणदार म्हणजे आमच्या वाडीची राखण करणारा देव. आंब्याखाली त्याचा दगड आहे. अडचण आली की वडीलधाऱ्याने नारळ ठेवून मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा. फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं गोळा झाली. मी नारळ ठेवला.

"बा राखणदारा, हा वैजनाथ. घाटावरचा असला तरी आता तुझ्या हद्दीतला."

"होय महाराजा."

"डोळे उघडे ठेवून शिकतोय. त्याचं शिक्षण पुरं करून घे."

"होय महाराजा."

"आणि कोणी त्याला मधूनच न्यायला आला, मग तो त्याचा जन्मदाता बाप का असेना, त्याची बुद्धी फिरव नि त्याला आल्या पावली परत पाठव."

"होय महाराजा!"

शेवटचा होकार फार मोठा आला, मागून एक नवा आवाज मिसळलेला. मी वळून पाहिलं.

मागे वैजनाथचे वडील उभे. हातखंब्याच्या फाट्यावरून गाडी लवकर मिळाली असावी. खांद्याला पिशवी, चपला बाजूला काढलेल्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

त्यांनी डोळे उघडले. पोराकडे पाहिलं. मग दगडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग चपला घातल्या.

"मालक," म्हणाले, "लातूरची गाडी किती वाजता हाय? एकच तिकीट काढायचंय."