मुलाकडच्यांची एकच मागणी

आमच्या व्याह्यांइतका मानपान सांभाळणारा माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात सापडायचा नाही, आणि याच मानपानापायी आम्ही दोघंही वेळेआधी वर पोचलो असतो, हे मी पैजेवर सांगतो. कुरुळीचं जुनं घराणं. निम्मी जमीन कंपन्यांत गेली, उरलेलीत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, पण व्याह्यांच्या लेखी दारात आलेला प्रत्येक जण पाहुणाच. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला ते टॉवेल-टोपी देतात. पार्सलवाला चहा न घेता निघाला, तर त्याच्या गाडीची किल्ली काढून ठेवतात. एकदा आडव्या घुसलेल्या ट्रकवाल्याशी भांडायला म्हणून ते तावातावाने खाली उतरले, आणि थोड्या वेळाने तो हरियाणाचा ड्रायव्हर त्यांच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खात होता. आमच्याकडे पिंपळे गुरवला येताना रिकाम्या हातानं यायचं कसं, म्हणून ते बटाट्याचं पोतं आणतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोतं मी चढवायचो आणि ते प्रत्येक वळणावर थांबून खिडकीतून बाहेर बघायचे. बाहेर समोरच्या इमारतीची गटाराचा पाइप सोडला तर बघण्यासारखं काही नाही. त्यांना धाप लागायची, एवढाच त्याचा अर्थ.

मी मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला कामाला. मुलीचं त्यांच्या घरी जमलं, तेव्हा मी नुकतीच कशीबशी सिगारेट सोडली होती. बैठक संपल्यावर व्याह्यांनी मला गोठ्यामागे नेलं आणि पाकीट पुढं केलं. मुलाच्या बापानं दिलेली सिगारेट मुलीच्या बापानं नाकारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं. मी घेतली. पाहुण्यानं एकट्यानं ओढायची म्हणजे घरधन्याला कमीपणा, म्हणून त्यांनीही पेटवली. तेव्हापासून दिवाळसण असो, डोहाळजेवण असो की नातवाचं बारसं, आम्ही दोघं कशाच्या ना कशाच्या मागे उभे असायचो. ते यायचे म्हटलं की मी पाकीट आणून ठेवायचो, आणि घरात आलेलं पाकीट पाहुणा गेल्यावर टाकून थोडंच देतात?

गावात मात्र व्याह्यांचा खरा मान होता तो बैलगाडा शर्यतीतल्या पुकाऱ्याचा. यात्रेत घाटावरचा, म्हणजे गाडे पळतात त्या चढावरचा, माइक त्यांच्या हातात. गाडा सुटला की ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठवायची आणि बैल निशाणापार जाईपर्यंत ती तुटू द्यायची नाही, एका दमात. दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेत ती निम्म्यात तुटली आणि पुढं नुसता खोकला. कर्ण्यांवरून तो खोकला साऱ्या डोंगरभर ऐकू गेला. पोरं हसली. पंचांनी माइक हळूच काढून घेतला आणि पुढच्या यात्रेला एकदा बघू, नाहीतर दुसरा माणूस धरू, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं.

ते एका टेम्पोच्या आडोशाला जाऊन बसले. दुसरं काय करावं ते न सुचून मी पाकीट पुढं केलं. त्यांनी एक घेतली, पण डोळे भरलेले होते.

“तुमास्नी वंगाळ वाटंल म्हनून घेतो, पाव्हणं. न्हाईतर मला कवापास्नं सोडायचीय.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हटलं, अहो, मी तर नुसता तुमचा मान राखायला ओढतोय. त्यावर आम्ही दोघं इतके हसलो, की हसण्याचा खोकला आणि खोकल्याचं हसू झालं. मग त्यांनी टोपी नीट केली आणि बैठकीत बसल्यासारखे ताठ झाले.

“लग्नात आमी तुमच्याकडं काय मागितलं न्हाई. आता मागतो. ही सोडा.”

मुलाकडच्यांची मागणी म्हटल्यावर इलाजच नव्हता. मुलीकडच्यांचीही हीच मागणी आहे, असं मी सांगितलं, आणि टेम्पोमागे सुपारी फुटली.

ठरलं असं, की ज्याला तल्लफ येईल त्याने दुसऱ्याला फोन करायचा. आता व्याह्याने व्याह्याला फोन करायचा म्हणजे एकदम मुद्द्यावर येता येत नाही. आधी तब्येत, मग विहीणबाईंचे गुडघे, मग आमच्या धाकट्या मुलीचं कॉलेज, मग त्यांची गाभण म्हैस, मग आमच्या लातूरला पाऊस झाला का. सगळ्यांची खुशाली विचारून होईपर्यंत तल्लफ कंटाळून निघून जायची. फोर्कलिफ्टच्या गडगडाटात एका कानात बोट घालून मी म्हशीची चौकशी करतोय, हे दृश्य आमच्या शिफ्टने रोज पाहिलंय. एवढे फोन बघून मुलगी घाबरली आणि माझं काही चुकलं का पप्पा, असं रडत विचारू लागली. तिला खरं सांगितलं, तेव्हा तिने सासऱ्यांवर बारीक नजर ठेवायला सुरुवात केली.

एका दुपारी मात्र फोन आला नाही. मी केला तर उचलेनात. सुट्टी टाकून, ट्रॅफिकला शिव्या देत कुरुळीला पोचलो, तर व्याही तिथल्या एका कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीला टेकून उभे, हातात पेटलेली सिगारेट. मला बघून त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. रागवावं तर व्याही पडले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि हात पुढं केला. म्हटलं, मलाही द्या एक. त्यांची जी पंचाईत झाली, ती बघण्यासारखी होती. पाहुण्याला नाही म्हणता येईना आणि पाहुण्याचं व्रत आपल्या हातानं मोडवेना. शेवटी त्यांनी हातातली चपलेखाली चिरडली, अख्खं पाकीट जाणाऱ्या कंटेनरच्या चाकाखाली भिरकावलं आणि मला घरी जेवायला नेलं.

मग हळूहळू मजा यायला लागली. आधी जीभ जागी झाली. भर पंगतीत व्याही विहीणबाईंना म्हणाले, की आमटीत मीठ जास्त हाय. त्या शांतपणे म्हणाल्या, “लगीन झाल्यापास्नं एवढंच हाय. तुमाला आज कळलं.” मग नाक जागं झालं. मोटारसायकलवर माझ्या मागे बसून ते वाटेतल्या कंपन्यांतलं रंगाचं शॉप, रबराचं शॉप, कँटीनमधला वडा, सगळं वासावरून सांगत. आमचे तीन मजले ते पोतं स्वतःच्या खांद्यावर घेऊन न थांबता चढले, आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून खाली उतरून, मला दारात उभं करून पुन्हा चढले.

पुढच्या यात्रेच्या दिवशी मी घाटाच्या कडेला उभा होतो. गाडा सुटला आणि व्याह्यांनी आरोळी उठवली. ती बैलांबरोबर चढावर गेली, निशाणापार गेली, बैल थांबले, धूळ खाली बसली, तरी यांची भिर्रर्र चालूच. पंचांना त्यांचं कोपर धरून थांबवावं लागलं. लोकांनी टोप्या उडवल्या. मग व्याही माइकवर म्हणाले, “ह्यो दम कुरुळीचा न्हाई. पिंपळे गुरवच्या आमच्या व्याह्यांचा हाय.” ओळख ना पाळख अशा माणसांनी मला गुलालानं माखलं आणि फेटा बांधला. मुलीच्या लग्नातसुद्धा माझा एवढा मान झाला नव्हता. मी उघड्यावर रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सांजेला घाट रिकामा झाला. आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. व्याह्यांचे थोरले भाऊ त्यांच्या आधी हाच माइक धरायचे, ही आरोळी त्यांनीच शिकवली होती. शेवटी शेवटी त्यांना पाणी मागण्यापुरताही दम उरला नव्हता, एवढं मी ऐकून होतो.

“थोरल्याच्या संगं मीच वढायचो,” व्याही म्हणाले. “सोड म्हनायचं लई डाव तोंडावर आलं. पर थोरल्याला कसं सांगायचं? मान व्हता त्याचा.”

व्याह्याने व्याह्याचा हात धरून बसायची आमच्याकडे पद्धत नाही. मी तो धरला, आणि खाली कंपन्यांचे दिवे लागेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.